तांब्याचा सेंट ओळखावा कसा, जपावा कसा : वाचकांचे प्रश्न

१२ नोव्हेंबर २०२५ रोजी फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत चलनासाठीचा शेवटचा अमेरिकन सेंट, म्हणजे बोलीभाषेतली पेनी, पाडला गेला आणि १७९३ पासून चालत आलेले हे नाणे थांबले. चलनात मात्र ते आजही कायदेशीर आहे. थांबले आहे ते नवे नाणे पाडणे. अमेरिकेतल्या घराघरांत बरण्यांमध्ये, टेबलांच्या खणांत आणि गाडीच्या कप्प्यांत साचलेल्या या नाण्यांकडे आता लोक नव्याने पाहू लागले आहेत आणि त्यांतले तांब्याचे सेंट वेगळे काढण्याविषयी आपल्या वाचकांकडूनही बरीच पत्रे आली आहेत. त्यांतली निवडक पत्रे आणि त्यांची उत्तरे या वेळच्या सदरात देत आहे.

आमच्या घरी पंधरा-सोळा वर्षांत सुट्ट्या नाण्यांची एक मोठी बरणी भरली आहे. पेनी बंद झाल्याचे कळल्यावर मुलगी म्हणते, त्यांतल्या तांब्याच्या वेगळ्या काढू. पण दिसायला तर सगळ्याच तांब्याच्या दिसतात. प्रत्येक नाणे तोलत बसावे लागेल का? (एडिसन, न्यू जर्सी)

प्रत्येक नाणे तोलावे लागत नाही; बहुतेक काम नाण्यावरची तारीख वाचूनच होते. १९८१ किंवा त्याआधीचा सेंट हाती आला आणि तो १९४३ सालचा नसला, तर तो ९५ टक्के तांब्याचा आहे असे समजावे. उरलेल्या ५ टक्क्यांत जस्त, किंवा जस्त आणि कथील असते. १९८३ आणि त्यानंतरचा सेंट आतून जस्ताचा असून वर तांब्याचा पातळ मुलामा दिलेला असतो, आणि त्यात सगळे मिळून तांबे असते जेमतेम अडीच टक्के. तांबे महाग होत गेले आणि एक सेंटच्या नाण्यात एक सेंटहून अधिक किमतीचा धातू जाण्याची वेळ आली, हे या बदलाचे कारण. १९७३-७४ मध्ये ही भीती पहिल्यांदा खरी वाटू लागली, तेव्हा टांकसाळीने ॲल्युमिनियमचे सेंटही प्रयोगादाखल पाडून पाहिले होते. ते चलनात आले नाहीत. जस्ताचा निर्णय अखेर १९८२ मध्ये अमलात आला, आणि तोही वर्षाच्या मध्येच. त्यामुळे १९८२ ची तारीख असलेले सेंट दोन्ही धातूंचे सापडतात आणि वर्गीकरणाची खरी कसोटी तिथेच लागते.

त्या एका सालापुरता तराजू घ्यावा. तांब्याचा सेंट ३.११ ग्रॅमचा असतो आणि जस्ताचा २.५ ग्रॅमचा. पीठ-साखर मोजण्याचा, पूर्ण ग्रॅममध्ये वजन दाखवणारा काटा इथे उपयोगाचा नाही. एक दशांश ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा खिशातला काटा लागतो आणि तो स्वस्त मिळतो. काटा नसेल तर सपाट पट्टीखाली मधोमध पेन्सिल ठेवावी, एका टोकाला १९८१ च्या आधीचा सेंट ठेवावा आणि दुसऱ्या टोकाला, पेन्सिलीपासून तेवढ्याच अंतरावर, १९८२ चा. पट्टी खात्रीच्या नाण्याकडे झुकली तर दुसरे नाणे जस्ताचे समजावे.

याहून सोपी परीक्षा कानाची आहे. खणखणीत वाजते ते नाणे खरे, ही आपल्याकडची जुनी समजूत इथे अक्षरशः लागू पडते. स्वयंपाकघरातल्या दगडी ओट्यावर वीतभर उंचीवरून एक १९७५ चा सेंट टाकावा आणि लगेच एक १९९५ चा. पहिला बारीक, लांबणारा स्वर काढतो आणि क्षणभर घुमत राहतो. दुसरा बद्द वाजतो, जणू लाकडाची चकती पडली. पाच-दहा नाणी अशी वाजवली की कान तयार होतो आणि मग १९८२ ची नाणी तुम्ही न तोलताही वेगळी काढू शकाल. मुलीला हे काम आधी द्या. लहान कानांना हा फरक मोठ्यांपेक्षा लवकर कळतो, असे मी पुष्कळदा पाहिले आहे.

प्रत्यक्ष कामाला बसताना चांगला उजेड, एक भिंग आणि चार वाडगे घ्यावेत. पहिल्यात १९८१ पर्यंतचे सेंट, दुसऱ्यात १९८४ पासूनचे, तिसऱ्यात १९८२ आणि १९८३ चे, आणि चौथ्यात जे काही वेगळे दिसेल ते. १९८३ चे वेगळे ठेवायला सांगतो, कारण त्या साली चुकून जुन्या तांब्याच्या चकत्यांवर पाडले गेलेले मोजके सेंट सापडले आहेत. तसेच १९८२ चा सेंट तारखेखाली डी अक्षराचा, म्हणजे डेन्व्हरच्या टांकसाळीचा असेल आणि त्याची तारीख बारीक अंकांतली असेल, तर तो अवश्य तोलावा. त्या प्रकारची नाणी जस्ताचीच असायला हवीत; पण २०१६ मध्ये त्यातले एक तांब्याचे नाणे उजेडात आले आणि जाणकारांनी ते अस्सल ठरवले. असे नाणे तुमच्या बरणीत असण्याची शक्यता फार थोडी आहे, पण तोलायला दोन सेकंद लागतात.

चौथ्या वाडग्यात बहुधा कॅनडाचे सेंट येतील. एका बाजूला राणी आणि दुसऱ्या बाजूला मेपलची पाने असल्याने ते लगेच ओळखू येतात. त्यांतले १९९६ पर्यंतचे तांब्याचेच आहेत. कॅनडाने आपला सेंट २०१२ मध्ये पाडणे थांबवले आणि फेब्रुवारी २०१३ पासून त्याचे वाटपही बंद केले, तरी सीमेपलीकडच्या बरण्यांतून तो अजून फिरतो आहे.

मी बँकेतून पेनीच्या पेट्या आणून निवडतो आणि तांब्याच्या बाजूला ठेवतो. माझ्या हिशेबाने हातातल्या प्रत्येक पेनीत अडीच पेनीचे तांबे आहे. तरीही माझा भाऊ याला वेळेचा अपव्यय म्हणतो. निवडणारे यंत्र विकत घेऊन हे मोठ्या प्रमाणावर करावे का? (ह्यूस्टन, टेक्सस)

तुमचा हिशेब बरोबर आहे. तांब्याच्या एका सेंटमध्ये २.९५ ग्रॅम तांबे असते, म्हणजे एक पौंड तांबे जमायला सुमारे १५४ सेंट लागतात. तांब्याचा भाव पौंडाला ४ डॉलर धरला, तर दीड डॉलरच्या नाण्यांत चार डॉलरचे तांबे झाले. भाव जितका चढेल तितके हे अंतर वाढेल. कागदावर इतके चोख गणित दुसऱ्या कुठल्या नाण्यात आज चलनातून फुकट मिळत नाही, हेही खरे.

परंतु तांबे नाण्याच्या आत आहे आणि ते बाहेर काढायला कायद्याने मनाई आहे. १४ डिसेंबर २००६ रोजी अमेरिकेच्या टांकसाळीने एक सेंट आणि पाच सेंटची नाणी वितळवणे, त्यांवर धातूसाठी प्रक्रिया करणे आणि ती मोठ्या प्रमाणावर देशाबाहेर पाठवणे यांवर बंदी घातली आणि २००७ च्या एप्रिलमध्ये ती कायम केली. उल्लंघनाला १०,००० डॉलरपर्यंत दंड, पाच वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. नाणी जमवणे, निवडणे, घरात ठेवणे, दुसऱ्या संग्राहकाला विकणे हे सारे कायदेशीर आहे. भट्टीत घालणे नाही. नवे सेंट पाडणे थांबले म्हणून ही बंदी आपोआप उठत नाही. पुष्कळ लोकांची इथेच गल्लत होते, म्हणून हे स्पष्ट लिहितो.

बंदी कधीतरी उठेल, अशी आशा धरून साठवणारे लोक आहेत आणि त्यांची आशा अगदीच निराधार म्हणता येत नाही. १९६५ पासून अमेरिकेने दहा आणि पंचवीस सेंटच्या नाण्यांतली चांदी काढून टाकली, तेव्हा लोकांनी जुनी चांदीची नाणी चलनातून भराभर वेचून घेतली. ती वितळवण्यावर १९६७ मध्ये घातलेली बंदी १९६९ मध्ये उठली. सेंट वितळवण्यावर १९७४ मध्ये घातलेली बंदीही १९७८ मध्ये मागे घेतली गेली होती. तेव्हा असे घडू शकते. पण चांदी आणि तांबे यांत एक फरक आहे आणि तो पाठीला जाणवणारा आहे. १,००० डॉलरचे तांब्याचे सेंट म्हणजे एक लाख नाणी, आणि त्यांचे वजन ३११ किलो. ती ठेवायला जागा लागते, जमीन पक्की लागते, घर बदलताना हमाली लागते आणि विकण्याची वेळ आली की ती वाहून न्यावी लागतात. शिवाय भंगारवाला शुद्ध तांब्याचा भाव मिश्रधातूला देणार नाही. हे सारे उणे केले की कागदावरचा अडीचपट आकडा बराच खाली येतो.

यंत्राविषयी विचारले आहे म्हणून सांगतो. ही यंत्रे एका नमुन्याच्या नाण्याशी प्रत्येक नाण्याच्या धातूची विद्युत तुलना करून तांबे आणि जस्त वेगळे करतात आणि काम फार वेगाने करतात. पण ती तारीख वाचत नाहीत. दुर्मीळ साल, छापातली चूक, दुहेरी ठसा यांतले काहीही त्यांना दिसत नाही. तांब्याच्या ढिगात एखादे मोलाचे नाणे गेले तरी ते तिथेच राहते. निव्वळ तांब्यासाठी यंत्र घेणे मला चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला असे वाटते. तुमच्या भावाशी मी एवढ्यापुरता सहमत आहे.

पण अपव्यय या शब्दाशी मी सहमत नाही. बँकेची पेटी २५ डॉलरची असते, म्हणजे पन्नास-पन्नास नाण्यांच्या पन्नास गुंडाळ्या, एकूण २,५०० सेंट. पुतण्याकडे राहायला गेलो असताना मी अशा पेट्या त्याच्याबरोबर निवडल्या आहेत. एका पेटीत तांब्याचे सेंट साधारण चारशे ते सहाशेच्या दरम्यान मिळत. संध्याकाळचे दोन तास लागत. त्या दोन तासांत एका देशाची शंभर वर्षे बोटांखालून जातात, आणि तीही पुस्तकात नव्हे, रोजच्या व्यवहारात झिजलेली. हे नाणे नाणे म्हणून जपण्यासारखे आहे. भविष्यातले भंगार म्हणून जपायला घेतले तर निराशा पदरी येण्याचीच शक्यता अधिक. तेव्हा एक मर्यादा ठरवा. प्रत्येक सालाची, प्रत्येक टांकसाळीची दोन-तीन उत्तम नाणी आणि वर हौसेपुरती एखादी पेटी ठेवा, बाकीची परत चलनात जाऊ द्या.

परत करण्याविषयी एक व्यवहाराची गोष्ट. ज्या शाखेतून पेट्या घेता तिथेच निवडून उरलेली नाणी नेऊन देऊ नका. त्या कर्मचाऱ्यांवर दुप्पट काम पडते, आणि तुम्हीच निवडून टाकलेली नाणी पुढच्या पेटीत तुमच्याच हाती येतात. आता बँकांकडे नव्या सेंटचा पुरवठा नाही. खातेदार जे भरतील तेच त्या देऊ शकतात. म्हणून मागताना सबुरीने मागावे.

माझ्या मावसभावाने अमेरिकेहून आणलेल्या पेनीच्या डब्यात काही नाण्यांच्या मागे गव्हाच्या ओंब्या आहेत. १९४३ ची तांब्याची पेनी लाखो रुपयांना जाते असे ऐकले. आमच्याकडे १९४३ ची एक आहे आणि ती तांबूस आहे. पुढे काय करावे? (सांगली)

आधी चुंबक लावा. युद्धकाळात तांबे काडतुसांसाठी आणि तारांसाठी हवे होते म्हणून अमेरिकेने १९४३ चे सेंट पोलादाचे, वर जस्ताचा थर दिलेले पाडले. ते पांढरट दिसतात आणि चुंबकाला चिकटतात. त्या साली जुन्या तांब्याच्या थोड्या चकत्या यंत्रात राहून गेल्या आणि त्यांतून पडलेली मोजकी नाणी खरोखरच फार मोठ्या किमतीला विकली गेली आहेत. म्हणूनच पोलादी नाण्यांवर तांब्याचा मुलामा चढवून बनवलेली तोतया नाणी गेली अनेक दशके फिरत आहेत. तुमचे नाणे चुंबकाला चिकटले तर ते अशांपैकी आहे. चिकटले नाही तरी हुरळून जाऊ नका. १९४८ च्या नाण्यातला ८ घासून ३ केलेला असू शकतो. भिंगाखाली ३ च्या खालच्या वळणाची १९४३ च्या पोलादी नाण्यातल्या ३ शी तुलना करून पाहा. पोलादी नाण्यात त्या अंकाचे शेपूट लांब आणि खाली उतरलेले असते. तुमच्यात ते तसेच असेल आणि नाण्याचे वजन ३.१ ग्रॅमच्या आसपास भरले, तरच मान्यताप्राप्त परीक्षण संस्थेकडे नाणे पाठवण्याचा खर्च करावा.

ओंब्यांचे सेंट १९०९ ते १९५८ या काळातले आहेत. पुढच्या बाजूला लिंकन आहेत ते १९०९ पासून, त्यांच्या जन्मशताब्दीपासून. मागच्या बाजूला १९५९ मध्ये लिंकन स्मारक आले आणि २०१० मध्ये ढाल. चाळीस-पन्नासच्या दशकांतले ओंब्यांचे सेंट विपुल आहेत आणि झिजलेले असतील तर त्यांची किंमत थोडीच असते. पण १९०९ चे एस अक्षराचे, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोचे, १९१४ चे डी अक्षराचे आणि १९३१ चे एस अक्षराचे दिसले तर ते डब्यातून बाहेर काढून स्वतंत्र ठेवा.

१९४३ हेच साल आपल्याकडच्या भोकाच्या पैशाचेही आहे, हे तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. त्याच युद्धाने त्याच धातूची टंचाई केली. अमेरिकेने धातू बदलला, आणि ब्रिटिश हिंदुस्थानात पैशाच्या मधोमध भोक पाडून धातू वाचवला गेला. तो पैसा १९४७ पर्यंत पडत होता. दोन्ही नाणी घरात असतील तर ती शेजारी शेजारी ठेवा.

तांब्याच्या पेनी काळ्या पडल्या आहेत. चिंचेने घासल्या तर लखलखीत होतात. तशा करून ठेवाव्यात का? (नागपूर)

नाही. चिंच, लिंबू-मीठ, पितांबरी ही तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ठीक आहेत. नाण्यासाठी ती घातक आहेत. आम्लाने नुसता मळ जात नाही, नाण्याचा वरचा थरही विरघळतो. टांकसाळीतून निघालेल्या नाण्याची लाली आणि घासून आणलेली गुलाबी चकाकी यांतला फरक जाणकाराला एका नजरेत कळतो आणि घासलेल्या नाण्याची किंमत तिथेच कोसळते. तपकिरी रंग हा तांब्याने हवेशी केलेला करार आहे. तो खालच्या धातूचे रक्षण करतो. फार चिकट मळ असेल तर शुद्ध पाण्यात, म्हणजे डिस्टिल्ड वॉटरमध्ये, नाणे भिजत ठेवावे आणि न घासता मऊ कापडावर टिपून घ्यावे.

ठेवण्यासाठी मऊ, तेलकट वासाच्या पीव्हीसी पिशव्या वापरू नयेत. त्यांतून सुटणाऱ्या रसायनाने नाण्यावर हिरवट, चिकट थर येतो. कागदी गुंडाळ्या किंवा मायलारची, म्हणजे पारदर्शक पॉलिएस्टरची, पाकिटे चांगली. जस्ताच्या सेंटवर जर काळे फोड दिसले तर ती नाणी तांब्याच्या नाण्यांपासून दूर करा. मुलामा जिथे फाटतो तिथून आतले जस्त कुजत जाते आणि त्यावर उपाय नाही.

माझा तीन वर्षांचा नातू माझ्याबरोबर पेनी निवडायला बसतो. नाणे तोंडात घालण्याची भीती वाटते. तांबे फार वाईट का? (शिकागो)

मोठी काळजी जस्ताच्या सेंटची आहे. १९८२ नंतरचा सेंट पोटात अडकला तर जठरातल्या आम्लाने जस्त विरघळून आतल्या अस्तराला इजा होऊ शकते. कुत्र्यांच्या बाबतीतही हेच आहे आणि त्यांना त्याची गंभीर विषबाधा होते. नाणे कोणतेही असो, गिळल्याचा संशय आला तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. तीन वर्षांच्या मुलाला वाडगे हलवायला द्या, नाणी नकोत.

इंग्लंडमधली पेनीही तांब्याची आहे का? ती कशी ओळखावी? (लंडन)

तुमच्याकडे चुंबक पुरतो. १९९२ च्या सप्टेंबरपर्यंतच्या एक आणि दोन पेन्सच्या नाण्यांत ९७ टक्के तांबे आहे. त्यानंतरची बहुतेक पोलादाची असून वर तांब्याचा थर आहे. वजन दोन्हींचे सारखेच, एक पेनीचे ३.५६ ग्रॅम, त्यामुळे काटा इथे निरुपयोगी ठरतो. १९९२ ची नाणी दोन्ही प्रकारची आहेत. जे चिकटले नाही ते तांब्याचे. परवान्याशिवाय ही नाणी वितळवण्यास तिथेही १९७१ च्या नाणे कायद्याने मनाई आहे.

वडिलांनी अमेरिकेत असताना जमवलेले तांब्याचे सेंट त्यांच्या पुण्यातल्या घरी न्यावेत अशी इच्छा आहे. ते विमानाने नेता येतील का? (सॅन होजे, कॅलिफोर्निया)

मर्यादेत नेता येतील. वर सांगितलेल्या नियमानुसार प्रवाशाला स्वतःबरोबर एक सेंट आणि पाच सेंटची मिळून ५ डॉलरपर्यंतची नाणी नेता येतात. संग्रहासाठी नेत असल्याचे स्पष्ट असेल तर ही मर्यादा २५ डॉलरची आहे. ५ डॉलर म्हणजे पाचशे सेंट, सुमारे दीड किलो. २५ डॉलर म्हणजे अडीच हजार, पावणेआठ किलो.

तुमच्या जागी मी असतो तर सगळी बरणी नेण्यापेक्षा वडिलांनी स्वतः वेगळी ठेवलेली नाणी आधी निवडली असती. त्यांनी एखाद्या पाकिटावर साल लिहिले असेल, एखाद्या गुंडाळीवर त्यांच्या अक्षरात तारीख असेल, तर ती कागदासकट न्या आणि गुंडाळी उघडू नका. नाणी सालवार लावून, पाकिटांत घालून, वर यादी ठेवून हातातल्या सामानात ठेवा; तपासणीत सुट्या नाण्यांचा जड गोळा पाहून विचारणा होतेच, आणि यादी असली की संग्रह आहे हे सांगणे सोपे जाते. उरलेली बरणी एडिसनच्या वाचकांप्रमाणे चार वाडगे मांडून सावकाश निवडा, आणि १९८२ ची नाणी ओट्यावर वाजवून पाहा.